पुस्तक निवडतो एक, किंमत मोजतो दुसरा

विद्यापीठ अनुदान आयोग आणि भारतीय भाषा समिती यांनी जुलै २०२४ मध्ये 'अस्मिता' या नावाचा एक प्रकल्प जाहीर केला. पाच वर्षांत बावीस भारतीय भाषांत मिळून उच्च शिक्षणाचे २२,००० ग्रंथ सिद्ध करावयाचे, असा त्याचा संकल्प आहे. पाठोपाठ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शाळा व महाविद्यालयांसाठी भारतीय भाषांतील पुस्तके संगणकीय स्वरूपात पुरविणारी 'भारतीय भाषा पुस्तक योजना' घोषित झाली. या दोन्ही घोषणांचे स्वागतच केले पाहिजे. हिशेब मांडला, तर मराठीच्या वाट्याला एक हजार ग्रंथ येतात. म्हणजे वर्षाला दोनशे, आणि तेही सर्व विद्याशाखा मिळून. त्यांत भौतिकशास्त्र, गणित आणि खगोलशास्त्र यांच्या वाट्याला जे येईल ते पुरेसे ठरेलही. परंतु पुस्तक निर्माण होणे आणि योग्य पुस्तक योग्य विद्यार्थ्याच्या हाती योग्य वेळी पडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीची घोषणा करता येते. दुसरीसाठी कोणीतरी विचारपूर्वक निवड करावी लागते. आपल्याकडे निर्मितीची चर्चा उदंड होते. निवडीची मात्र जवळजवळ होतच नाही.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने विज्ञानाच्या पुस्तकांत नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, पाठ्यपुस्तकाची निवड हा जितका ज्ञानाचा प्रश्न आहे, तितकाच तो मर्यादित साधनांच्या वाटपाचाही प्रश्न आहे. आणि बारामती-इंदापूरसारख्या भागात तर तो प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारचा आहे.

विज्ञान जवळ, पुस्तक दूर

या दोन तालुक्यांची आर्थिक जडणघडण सर्वपरिचित आहे. नीरा डावा कालवा, त्यावर उभा राहिलेला ऊस, त्या उसावर उभे राहिलेले सहकारी साखर कारखाने, आणि पुढच्या टप्प्यात औद्योगिक वसाहत. शिक्षणसंस्थाही याच क्रमाने आल्या. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये स्थापन झाले, विद्या प्रतिष्ठानची स्थापना १९७२ ची. इंदापुरातही कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय उभे राहिले. वालचंदनगरच्या कारखान्यात भारतीय अग्निबाणांच्या घन इंधन टप्प्यांची पोलादी आवरणे तयार झाली. याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. आणि १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेली 'आयुका' पुण्यात आहे. म्हणजे विज्ञानाचे प्रत्यक्ष कार्य या मुलांपासून फार दूर नाही.

दूर आहे ते पुस्तक. बावडा, लासुर्णे किंवा निमगाव केतकी येथून एस.टी.ने महाविद्यालयात येणारा मुलगा पुष्कळदा घरातला पहिलाच विज्ञान शाखेचा विद्यार्थी असतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला हा मुलगा अकरावीत येतो तेव्हा विषयही नवा असतो आणि भाषाही नवी असते. कोणते पुस्तक घ्यावे हे सांगणारा वडीलभाऊ किंवा काका त्याच्या घरात नसतो. शहरातील प्राध्यापकाच्या मुलाला जे जेवणाच्या पाटावर समजते, ते समजण्यासाठी याला एक वर्ष आणि काही हजार रुपये खर्च करावे लागतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जाऊन चार पुस्तके चाळून पाहावीत तर सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास आणि एक दिवस मोडतो. मग दुकानदार जे देईल ते, किंवा शिकवणी वर्ग जे छापून देईल ते, हेच त्याचे पाठ्यपुस्तक ठरते.

निवडणारा, घेणारा आणि वाचणारा

सर्वसाधारण बाजारात वस्तू निवडणारा, तिचे पैसे देणारा आणि ती वापरणारा हे बहुधा एकच असतात. म्हणून वाईट वस्तू फार दिवस टिकत नाही. पाठ्यपुस्तकाचे तसे नाही. अभ्यास मंडळ पुस्तकांची यादी ठरविते, अध्यापक त्यांपैकी एखादे सुचवितो, पैसे पालक देतो आणि वाचतो विद्यार्थी. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधासारखाच हा व्यवहार आहे. फरक इतकाच की, औषधाचा गुण आला नाही तर रोगी बोलतो. पुस्तकाचा गुण आला नाही तर विद्यार्थी, आपल्यालाच डोके नाही, असा निष्कर्ष काढून गप्प बसतो. ज्याचे सर्वाधिक नुकसान होते त्याला या निवडीत मत नाही, आणि ज्याला मत आहे त्याचे काहीच नुकसान होत नाही.

हा दोष केवळ आपल्याकडचा आहे असे मात्र समजू नये. विख्यात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना १९६४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या पाठ्यपुस्तक निवडीच्या कामावर नेमले गेले. त्यांनी आलेली सर्व पुस्तके स्वतः वाचली, आणि असे करणारे आपण जवळजवळ एकटेच आहोत असे त्यांच्या लक्षात आले. एका मालेतील एक खंड वेळेवर छापून न आल्याने प्रकाशकाने नुसत्या कोऱ्या पानांना बांधणी करून पाठविला होता; तरी काही परीक्षकांनी त्या कोऱ्या पुस्तकालाही गुण दिले होते! दुसऱ्या एका पुस्तकात ताऱ्यांची तापमाने देऊन त्यांची बेरीज करावयास सांगितली होती. गणिताला विज्ञानाची जोड दिल्याचे समाधान लेखकाला लाभले असेल. पण ताऱ्यांच्या तापमानांच्या बेरजेला कोणताच अर्थ नसतो, हे त्याच्या गावी नव्हते. हा सर्व प्रकार फाइनमन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत नोंदविला आहे. जे पुस्तक निवडावयाचे ते आधी वाचले पाहिजे, हा त्याचा साधा अर्थ. आपल्या अभ्यासक्रमांना जोडलेल्या संदर्भग्रंथांच्या लांबलचक याद्या पाहिल्या, तर त्यांतील किती ग्रंथ यादी करणाऱ्यांनी अलीकडे उघडले असतील, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

तीन विषय, तीन घसारे

कारखान्यातील यंत्राप्रमाणे पुस्तकालाही घसारा असतो. परंतु या तिन्ही विषयांत तो सारख्या गतीने होत नाही. हे ध्यानात घेतले तर पैसा कोठे घालावा याचा निर्णय सोपा होतो.

गणिताच्या पुस्तकाला घसारा जवळजवळ नाहीच. दिल्लीच्या शांतिनारायण यांचे विकलनावरील पुस्तक १९४२ चे. त्यातील सिद्धांत आजही तितकेच खरे आहेत. बार्टल आणि शेर्बर्ट यांचे वास्तव विश्लेषणावरील पुस्तक आज विकत घेतले तर पुढील वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडेल. भौतिकशास्त्राचा गाभाही असाच स्थिर आहे, पण त्याच्या कडा हळूहळू बदलतात. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या दंडगोलावर आधारलेली राहिली नाही. ती प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे. पुस्तकाचे पहिलेच प्रकरण उघडून ही एक गोष्ट तपासली, तरी 'सुधारित आवृत्ती' खरोखर सुधारलेली आहे की केवळ वेष्टन बदलले आहे, हे कळते. खगोलशास्त्राचा घसारा मात्र वेगवान आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा परग्रह प्रथम १९९५ मध्ये सापडला. विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचे १९९८ मध्ये दिसून आले. २००६ मध्ये प्लूटो ग्रहांच्या यादीतून वगळला गेला. गुरुत्वीय लहरींचा शोध २०१६ मध्ये जाहीर झाला आणि त्यांच्याच वेधासाठी आपल्या हिंगोली जिल्ह्यात वेधशाळा उभारण्यास एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. यांपैकी काहीच नसलेले खगोलशास्त्राचे पुस्तक इतिहास म्हणून वाचावे, पाठ्यपुस्तक म्हणून नव्हे.

हा झाला ज्ञानाच्या वाढीमुळे होणारा नैसर्गिक घसारा. त्याहून मोठा आहे तो कृत्रिम घसारा. तो अभ्यासक्रमाच्या फेररचनेमुळे होतो. पुणे विद्यापीठात २०१९ मध्ये श्रेयांक पद्धतीचा आराखडा आला. त्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीबरोबर तोही बदलला. न्यूटनचे नियम तेच राहिले. केवळ प्रकरणांची विभागणी आणि विषयांचे क्रमांक बदलले. पण 'सत्र अमुक, विषयक्रमांक तमुक' असे मुखपृष्ठावर छापलेली पुस्तके एका उन्हाळ्यात रद्दीच्या भावाने गेली. ज्या विद्यार्थ्याने ती घेतली त्याला ती धाकट्या भावंडाला देता आली नाहीत. याउलट, ज्या ग्रंथालयांनी विषयाचे प्रमाणग्रंथ घेतले होते त्यांचे काहीच बुडाले नाही. अभ्यासक्रमाला घट्ट शिवलेले पुस्तक स्वस्त वाटते. प्रत्यक्षात वर्षाच्या हिशेबाने तेच महाग पडते.

मार्गदर्शकांचा दोष किती?

यावर असे म्हटले जाईल की, मुले मुळात पाठ्यपुस्तके वाचतच नाहीत. ती मार्गदर्शके आणि 'अपेक्षित' प्रश्नसंच वाचतात. हे खरे आहे. पण त्याबद्दल मुलांना दोष देणे अन्यायाचे होईल. मार्गदर्शकाची मागणी ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत व्युत्पन्न मागणी आहे. ती प्रश्नपत्रिकेतून निर्माण होते. ज्या परीक्षेत तीच तीस-चाळीस उत्तरे आलटून पालटून विचारली जातात, तेथे ती उत्तरे पाठ करणे हा विद्यार्थ्याचा शहाणपणाच म्हटला पाहिजे. पण बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांत आणि त्याहीपुढे पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी हा शहाणपणा एकाएकी निरुपयोगी ठरतो. तोपर्यंत तीन-चार वर्षे निघून गेलेली असतात, आणि ऊसबिलातून किंवा डाळिंबाच्या पट्टीतून भरलेली फी परत येत नाही.

आंतरजालामुळे हा प्रश्न आपोआप सुटला, असेही एक मत आहे. एन.सी.ई.आर.टी. आणि बालभारती यांची पुस्तके आज विनामूल्य उतरवून घेता येतात, फाइनमन यांची व्याख्याने २०१३ पासून सर्वांना वाचावयास खुली आहेत, आय.आय.टी.च्या अध्यापकांची चित्रित व्याख्याने उपलब्ध आहेत. हा लाभ लहान नव्हे. तथापि, वस्तूची किंमत शून्यावर आली म्हणून निवडीचा खर्च शून्यावर येत नाही. उलट तो वाढतो. पूर्वी दोन पुस्तकांतून एक निवडावयाचे होते, आता दोनशेंतून निवडावयाचे आहे. फाइनमन यांची व्याख्याने हेच उदाहरण घ्या. ती विलक्षण सुंदर आहेत. परंतु बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ती कितपत यशस्वी झाली याविषयी खुद्द लेखकानेच प्रस्तावनेत शंका व्यक्त केली आहे. प्रथम वर्षाच्या मुलाच्या हाती पहिले पुस्तक म्हणून ते देणे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला पुराच्या नीरेत उतरविण्यासारखे आहे.

मग पुस्तक पारखावे कसे? काही कसोट्या सांगता येतील. सोडवून दाखविलेल्या उदाहरणात केवळ आकडेमोड आहे की प्रत्येक पायरीचे कारण दिले आहे, हे पाहावे. स्वाध्याय सोप्याकडून अवघडाकडे जातात काय, आणि त्यांची उत्तरे दिली आहेत काय, हे पाहावे. कारण घरी विचारावयास कोणी नसलेल्या मुलाला शेवटचे उत्तरांचे पान हाच शिक्षक असतो. प्रत्येक सूत्राबरोबर ते कोठे लागू पडत नाही हे सांगितले आहे काय, हे पाहावे. शेवटी विषयसूची आहे काय, हेही पाहावे. या कसोट्या लावल्या असता एच. सी. वर्मा यांचे १९९२ पासून उपलब्ध असलेले दोन खंड अकरावी-बारावीसाठी का टिकून राहिले याचा उलगडा होतो. इरोडोव्ह यांचा प्रश्नसंग्रह त्यांच्याआधी नव्हे तर त्यांच्यानंतर हाती घ्यावा, हे कळते. आणि खगोलभौतिकीसाठी बैद्यनाथ बसू किंवा अर्णब राय चौधुरी यांच्या पुस्तकांकडे वळण्यापूर्वी गणिताची किती तयारी हवी याचाही अंदाज येतो.

आणखी एक कसोटी या भागापुरती सांगावीशी वाटते. उजनीत किती टीएमसी पाणी आले आणि किती क्युसेकने विसर्ग सुरू आहे, हे आकडे दर पावसाळ्यात इंदापूरच्या घराघरांत बोलले जातात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ते एका दिवसात सोडावयाचे तर सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग लागतो. हा साधा भागाकार ज्याला आपल्या पुस्तकाच्या आधाराने करता येतो, आणि विसर्ग तासातासाला बदलत असेल तर संकलन का करावे लागते हेही ज्याला उमगते, त्याचे पुस्तक चांगले. ज्याला सूत्र पाठ आहे पण धरणाचा आकडा उलगडत नाही, त्याचे पुस्तक नापास झाले असे खुशाल समजावे.

भाषेचा प्रश्न

मराठीतून हे विषय लिहिता येत नाहीत, हा समज इतिहासाला धरून नाही. बाळशास्त्री जांभेकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच कलनावर 'शून्यलब्धि' हे पुस्तक लिहिले. केरूनाना छत्रे यांनी ग्रहगणिताची कोष्टके मराठीत आणली. शंकर बाळकृष्ण दीक्षित या पेशाने शिक्षक असलेल्या गृहस्थांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ असा सिद्ध केला की, पुढे त्याचे इंग्रजीत भाषांतर करावे लागले. नारळीकरांनी तर आयुष्यभर दोन्ही भाषांत लिहिले.

परंतु १९६८ नंतरचा अनुभवही विसरता कामा नये. त्या वेळी प्रादेशिक भाषांतील विद्यापीठीय ग्रंथांसाठी केंद्राने प्रत्येक राज्याला एक कोटी रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले आणि आपल्याकडे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ स्थापन झाले. मंडळाने पुस्तके काढली, त्यांत काही उत्तमही होती. पण विज्ञानाचे वर्ग, प्रयोगवह्या आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीतच राहिल्या. मग मराठी ग्रंथ वाचून विद्यार्थ्याने करावयाचे काय? पुरवठा निर्माण केला, मागणीची वाट मात्र बंदच ठेवली. 'अस्मिता'च्या बाबतीत याचीच पुनरावृत्ती होण्याचा धोका आहे. आणि आता यंत्राकडून झपाट्याने भाषांतरे करून घेण्याची सोय झाल्याने तो अधिकच वाढला आहे. एकाच क्रियेला एका पुस्तकात अवकलन आणि दुसऱ्यात विकलन म्हटलेले असले, तर मराठी पुस्तक आधार न ठरता दुसरे ओझे ठरते. या भागातील विद्यार्थ्याची निकड संपूर्ण भाषांतराची नसून सोबतीच्या पुस्तकाची आहे: मूळ संकल्पना मराठीत नीट उलगडणारे, संज्ञा दोन्ही भाषांत शेजारी शेजारी देणारे आणि वर्षभरात त्याला इंग्रजी ग्रंथापर्यंत नेऊन पोहोचविणारे.

करता येण्याजोगे

यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट, प्रत्येक विभागाने वर्षारंभी एक मुख्य आणि एक पूरक पुस्तक जाहीर करावे आणि ते का निवडले हे चार ओळींत लिहून फलकावर लावावे. निवडणाऱ्यांपैकी कोणी त्या पुस्तकाचा लेखक असल्यास तेही तेथेच नमूद करावे. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयासारख्या स्वायत्त संस्थेला अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका या दोहोंवर अधिकार आहे. पुस्तक वाचल्यावाचून सुटणार नाहीत असे प्रश्न परीक्षेत निम्मे जरी आले, तरी मार्गदर्शकांचा बाजार आपोआप आटोक्यात येईल.

दुसरी गोष्ट, पुस्तकपेढी. सत्रापुरते नव्हे तर संपूर्ण पदवीच्या काळापुरते पुस्तक विद्यार्थ्याकडे राहिले पाहिजे. ज्या विषयाला घसारा कमी त्यापासून, म्हणजे गणितापासून, प्रारंभ करावा. खगोलशास्त्राच्या प्रती थोड्या घ्याव्यात, पण नव्या घ्याव्यात. अध्यापनासाठी लागणारे ग्रंथांतील भाग प्रती काढून देण्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निर्णयाने पुरेशी मोकळीक मान्य केली आहे आणि दावा लावणाऱ्या प्रकाशकांनी तो २०१७ मध्ये मागेही घेतला. त्या मोकळिकीचा रीतसर उपयोग करावा.

तिसरी गोष्ट निधीची. चाळीसगावजवळील पाटण येथे १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि स्थानिक अधिपतींनी त्याला दाने दिली. बाजारातील देवघेवीवरचे काही हक्कही त्या मठाला लावून देण्यात आले. म्हणजे गणित व ज्योतिष यांची विशिष्ट पाठ्यपुस्तके शिकविली जावीत म्हणून बाजारपेठेने वाटा उचलण्याची कल्पना या भूमीत आठशे वर्षांपूर्वीची आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या सभासदांना ऊसबिलातील कपाती नव्या नाहीत. त्यांतून इमारती पुष्कळ उभ्या राहिल्या. त्या इमारतींतील कपाटांसाठी सर्वसाधारण सभेने टनामागे काही पैसे खुशीने मंजूर केले, तर ते कोणाला जड जाऊ नये. मात्र त्या पैशातून काय घेतले याची पुस्तकनिहाय यादी सभासदांपुढे दरवर्षी ठेवली गेली पाहिजे.

इमारतीला कोनशिला असते, उद्घाटन असते. पुस्तकाच्या निवडीला यांपैकी काहीच नसते. म्हणूनच ती आजवर कोणाचीच जबाबदारी झाली नाही. परंतु अकरावीत पहिल्यांदाच इंग्रजी संज्ञांशी झुंजणारी मुलगी विज्ञानात टिकणार की वर्षअखेरीस शाखा बदलणार, हे पुष्कळ वेळा तिच्या हाती पडलेल्या त्या एका पुस्तकावर ठरते. बावीस हजार ग्रंथ यावयाचे तेव्हा येतील. तोवर, जे आहेत त्यांतले तिच्यासाठी कोणते, हे वाचून ठरविणे आणि तसे नाव घालून लिहून देणे, हे काम येथील अध्यापकांचे आहे.